बिनशिक्क्याची मूठमाती

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी नदीवरचं धुकं गावात शिरलं आणि माहेरी आल्यासारखं बसूनच राहिलं. अंत्ययात्रेसाठी चर्चच्या घंटेच्या लोलकाला चामडं बांधलं होतं, त्यामुळे टोल पाण्याखालून आल्यासारखे येत होते. केझाया टार्लटन दारात उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं, ही माणसं आज रूबेनलाच न्यायला निघालीत.

रूबेन तिचा नवरा. काकवीची पिंपं घेऊन येणारं त्याचं गलबत मागच्या हिवाळ्यात खडकांवर फुटलं. सरळ वाटेने यावं तर जकातीची होडी अडवणार. समुद्रापलीकडून आमच्या वसाहतीवर राज्य करणाऱ्या लंडनने काकवीवर कर बसवला आणि आमच्या खलाशांनी खडकांशी सोयरीक केली. काकवी गेली, माणसं गेली. समुद्राने परत दिलं ते केझायाने विणलेलं एक लोकरी जाकीट.

वर्षभर ती "येईल" म्हणत राहिली. शेवटी मन घट्ट करून कचेरीत त्याच्या मरणाची नोंद करायला निघाली, तर नवा कायदा आडवा आला. आजपासून प्रत्येक सरकारी कागदावर लंडनचा शिक्का हवा, आणि त्या शिक्क्याचा कर. गावाने ठरवलं, शिक्क्याला शिवायचं नाही. कचेरीला आठवडाभर आधीच कुलूप लागलं. म्हणजे केझाया धड बायको नाही, धड विधवा नाही. आमच्या गावाचा हट्ट हा असा, राजाला मारलेला दगड आधी शेजारणीला लागतो.

राग आला की आमची माणसं आधी नाटक करतात. या वेळी त्यांनी स्वातंत्र्याचीच अंत्ययात्रा काढायचं ठरवलं. काळी पेटी, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत: "स्वातंत्र्य, वय वर्षे एकशे पंचेचाळीस". आमचे पूर्वज गलबतातून या किनाऱ्याला लागले, त्याला तितकीच वर्षं झाली होती.

आदल्या दिवशी केझाया जोथम सुताराकडे गेली होती.

"जोथम, पेटीत काय घालणार?"

"भुसा. रिकामी पेटी खांद्यावर नाचते."

"मग हेही घाल." तिने जाकीट पुढे केलं.

जोथमचा रंधा थांबला. "केझायाबाई, हा तमाशा आहे हो."

"खड्डा खरा आहे ना?"

"खड्डा खरा आहे. चांगला पुरुषभर खोल."

"मग झालं तर."

जोथमने जाकीट घातलं. पुढाऱ्यांनी त्याला पेटीचं माप सांगितलं होतं, नाटकाचा शेवट सांगितला नव्हता.

यात्रा निघाली तशी केझाया पेटीच्या अगदी मागे, सख्ख्यांच्या जागी जाऊन उभी राहिली. शेजारीण हेप्झीने टोमणा मारलाच, "अगं, स्वातंत्र्य तुझं कोण लागतं गं?" केझायाला ते ऐकूच गेलं नाही. धुक्यात खांदेकरी दिसेनासे झाले होते आणि पेटी एकटीच तरंगत चालली होती. ओल्या रंगाचा वास येत होता. ती मनातल्या मनात रूबेनशी बोलत होती. लाल गाय व्याली. छपराची गळती बुजवली. तुझी खुर्ची मी हलवली नाही. पुढून हुंकार येत असल्यासारखं तिला वाटत होतं. तिला फार बरं वाटत होतं.

खड्ड्याशी पेटी टेकली. सायलस व्हिडन छापखानेवाला भाषणाला उभा राहिला. दोन वाक्यं झाली आणि एकदम हात वर करून तो थांबला. त्याने पेटीला कान लावला.

"ऐका! श्वास चालू आहे! जिवंत आहे!"

एकच गलका झाला. टोप्या उडाल्या. कुणीतरी लोलकाचं चामडं सोडलं आणि घंटा लग्नासारखी वाजू लागली. पेटी पुन्हा खांद्यांवर चढली.

केझायाने ते खरं मानलं, क्षणभरच. तिने धावत जाऊन झाकणावर हात ठेवला. पांढरा रंग अजून वाळला नव्हता, तो तळव्याला लागला. तेव्हा ती भानावर आली.

"खाली ठेवा," ती म्हणाली.

"केझायाबाई, आनंदाची वेळ आहे," सायलस हसत म्हणाला. "स्वातंत्र्य मेलेलं नाही."

"तुमचं नसेल मेलं. माझा रूबेन मेलाय."

तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. ती स्वतःच दचकली.

जोथमने मान खाली घालून झाकण उघडलं. भुशात जाकीट होतं, बाह्या नीट घडी घातलेल्या. जवळचे गप्प झाले, मग लांबचे. घंटाही थांबली. पेटीच्या जागी खड्ड्यात पुरायला सायलसने त्या शिक्क्याच्या कायद्याची प्रत आणली होती. ती त्याने चुरगळून खिशात कोंबली. "कायद्यासाठी दुसरा खड्डा खणू," तो पुटपुटला.

पेटी खड्ड्यात उतरली. केझायाने गर्दीत कचेरीचा कारकून शोधला.

"फॉससाहेब, नोंदीचं काय? शिक्क्याचा कागद तर नाही."

इनॉक फॉस जन्माचा भित्रा. त्याने टोपी काढली, आजूबाजूला पाहिलं. "एवढं गाव साक्षीला आहे. आत्ताच कुलूप उघडतो. साध्या कागदावर लिहितो, रूबेन टार्लटन, मयत."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. तुमची लाल गाय राखीन."

कुणी हसलं नाही. इतका वेळ आम्ही नाटक करत होतो. आता खरंच कायदा मोडला जाणार होता, हे सगळ्यांना कळलं होतं.

केझाया वाकली. तिने मूठभर माती उचलली आणि सोडली. माती लाकडावर पडल्याचा आवाज तिला अगदी स्पष्ट ऐकू आला.