रांगेतली आई

मूल होण्याच्या उपचारांसाठी इथे वेल्समध्ये सरकारी इस्पितळात मोठी रांग असते. जन्मात कधी रांग न मोडणारा माझा नवरा, गॅरेथ, म्हणाला, "रियन, रक्त खासगीत तपासून घेऊ. तेवढाच वेळ वाचेल."

तो रिपोर्ट मीच हौसेने सरकारी डॉक्टरीणबाईंना दिला. तो वाचून त्यांनी चष्मा काढला.

"स्त्रीबीजं फारच थोडी उरलीत. अशांना सरकारी उपचार मिळत नाहीत. तुमचं नाव यादीतून काढावं लागेल."

"मग फाडा ना तो रिपोर्ट! तुमची तपासणी करा."

"तीही हेच सांगेल."

बाहेर आल्यावर गॅरेथ पुटपुटला, "चहा घेऊया?"

"घाल चुलीत तुझा चहा! रांगेत होते तोवर तरी मी आई होणार होते."