चौकाकडचा पडदा

बायको गेली आणि मुलाने मला त्याच्या नव्या घरी आणलं. तो घरांचे नकाशे काढतो. हेही त्यानेच आखलेलं. मधे मोठा चौक, चारी बाजूंना खोल्या, आणि चौकाकडच्या भिंती जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या. स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहिलं की प्रत्येक खोलीतलं माणूस दिसतं. आई आजारी पडली तेव्हा त्याने हे ठरवलं होतं, ती कुठेही असली तरी नजरेसमोर राहावी म्हणून. घर पुरं व्हायच्या आत ती गेली. काचा माझ्या वाट्याला आल्या.

आमच्या जुन्या घरालाही मधे चौक होता, पण त्याच्याभोवती भिंती होत्या. कुणाशी बोलावंसं वाटलं तर चौकात यायचं, नाही वाटलं तर खोलीत जाऊन दार लोटायचं. इथे दार लोटलं तरी मी चौकातच.

आल्या आल्या एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, की आता जगायचा कंटाळा आलाय. माणूस बोलतो असं. मुलाने ते धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराची आतली कडी काढलेली होती. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. तेव्हापासून मी कूस बदलली तरी सूनबाई मान वर करते. डोळ्याला हात लावला की चहा येतो. चहा पिऊन पिऊन पित्त झालं, रडू काही आलं नाही.

मेहुणी भेटायला आली. म्हणाली, भाऊजी, दुकानात मांडून ठेवल्यासारखे दिसताय, किमतीची चिठ्ठी तेवढी लावायची राहिलीय. मी हसलो आणि हसता हसता तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं. समोर सूनबाईचा हात थांबला. पलीकडच्या खोलीत मुलगा खुर्चीतून उठला. मी चेहरा सरळ केला. मेहुणीने हे सगळं पाहिलं.

जेवताना तिने पडद्याचा विषय काढला. मुलगा म्हणाला, उजेड जाईल, घराची सगळी मजाच जाईल.

"उजेडाचं मला सांगू नकोस," ती म्हणाली. "बाप आहे तो तुझा. त्याला रडायला आडोसा दे."

त्याने हातातला घास ताटात ठेवला. "आणि पडद्याआड त्यांनी काही करून घेतलं म्हणजे, मावशी?"

मी समोरच बसलो होतो.

शेवटी सूनबाईने पडद्याला कापड आणून दिलं. मी जन्मभर शिंपीकाम केलं. बोटांत धरताच कळलं, विरळ आहे, आरपार दिसतं. तिला म्हटलं, छान आहे. मग मशीनवर बसून दुहेरी शिवला. त्यामुळे उंचीला कमी पडला, खाली वीतभर काच उघडी राहिली. बायको असती तर खालची कड तिने हाताने शिवली असती, माझ्या कामातली हातशिलाई तिचीच असायची. मी शिवली, ती वाकडी आली.

संध्याकाळी पडदा ओढून घेतला. उशीत तोंड खुपसलं आणि आलं एकदाचं रडू. मधेच जाणवलं, घरात कसलाच आवाज नाही. नळ बंद, भांडी बंद. पडद्याखालून चौकात पावलं दिसली, दोघांची. हलत नव्हती.

मी डोळे पुसले आणि खोकलो, त्यांना ऐकू जाईल असा. पावलं वळली. थोड्या वेळाने नळ सुटला.

आता रोज पडदा ओढतो. रडता रडता मधून मधून खोकायचं तेवढं लक्षात ठेवावं लागतं.