नलिनीचा आंबेमोहोर डॉट कॉम

मित्रांनो, मला कुणी हातात धरू शकत नाही की फडताळात ठेवू शकत नाही, तरी माझा जन्म रिहे गावातल्या भाताच्या खळ्यावर झाला. मी एका वेबसाइटचा पत्ता आहे. माझं नाव ‘नलिनीचा आंबेमोहोर डॉट कॉम’, आणि या नावाचा मला भारी तोरा आहे.

चिखलात वाकून लावणी करायची नलिनीकाकूनं, आणि तांदूळ विकला जायचा तिच्या नवऱ्याच्या, तानाजीकाकांच्या नावानं. जवळच्या नेरे गावात राहणारी, आयटीत काम करणारी क्षितिजा दर दिवाळीला हा तांदूळ न्यायची. तिनंच मला सुचवलं. हे नाव आधी कुणी घेतलेलं नाही, हे बघून तिनं काकूच्या फोनवरून माझी वर्षभरासाठी नोंदणी केली आणि तांदूळ विकायला वेबसाइट उभी केली. पडद्यावरच्या स्वतःच्या नावावरून काकूनं हळूच बोट फिरवलं.

“काकू, नोंदणीतला तुमचा नंबर आणि घरचा पत्ता झाकून ठेवू? नाहीतर कुणीही वाचेल,” क्षितिजानं विचारलं.

“वाचू दे की. पोत्यावर नंबर हाय, टेम्पोवर हाय. हितं लपवायला आमी काय चोरी केलीया?”

झाकलं नाही. ज्यांचं सगळं उघड्यावर चालतं, त्यांनाच ही चूक सुचावी. दुसऱ्या दिवसापासून फोन वाजायला लागला. कुणी वेबसाइट पहिल्या नंबरावर आणून देत होता, कुणी बक्षीस लागलंय म्हणत होता. काकूनं वैतागून फोन तांदळाच्या डब्यात ठेवून दिला.

वर्ष सरत आलं. माझी मुदत संपत आल्याचे खरेखुरे निरोप यायला लागले.

“पैसं मागतोय म्हंजी टोपी घालतोय. भरू नगं,” तानाजीकाका म्हणाले. काकूनं निरोप पुसून टाकले. मी ओरडणार तरी कसा?

ऐन कापणीत माझी मुदत संपली आणि वेबसाइट बंद पडली. एका जुन्या गिऱ्हाईकानं फोन करून विचारलं, “काकू, दुकान बंद केलंत का?”

काकूनं विळा बांधावर ठेवला आणि तडक नेरे गाठलं.

“थोडे दिवस हातात आहेत,” क्षितिजा म्हणाली. “ते गेले की हे नाव कुणीही घेऊ शकतं.”

“माजं नाव दुसरं कोन कसं घेईल?”

“कुणीही, काकू.”

मित्रांनो, मला वाटलं, ही आता रडणार. पण तिनं पदराला हात पुसले आणि फोन पुढं केला. “दाव मला. मीच करते.”

अडखळत, पुन्हा पुन्हा चुकत, तिनं स्वतःच्या बोटानं पैसे भरून मला परत मिळवलं. आणि या खेपेला नोंदणीतला घरचा पत्ता आणि नंबरही झाकला. अशी मालकीण मिळायला भाग्य लागतं.

एवढंच सांगतो, मित्रांनो. नाव एकदा घेतलं म्हणजे कायमचं आपलं होत नाही, त्याची आठवण ठेवावी लागते. माझी काकू ती ठेवते. नव्या तांदळाचा पहिला भात शिजला की ती देवाला नैवेद्य दाखवते आणि लगेच फोन घेऊन माझे पुढच्या वर्षाचे पैसे भरायला बसते.

“आता तरी वाढ की,” तानाजीकाका म्हणतात.

“थांबा. आदी देवाचं, मंग माज्या नावाचं, मंग तुमचं.”