शटरला कुलूप नव्हतं

कामावर नवा माणूस आला की आपण त्याची किती आपुलकीने चौकशी करतो! गाव कुठलं, घरी कोण कोण, आधी कुठे होतास. सोलापूरच्या त्या टॉवेल कारखान्यात जालिंदरचीही अशीच चौकशी झाली. त्याने खरं सांगितलं आणि तिथेच फसला. बांधावरच्या भांडणात त्याच्या हातून चुलतभावाचा जीव गेला होता. आठ वर्षं तुरुंगात काढून तो सुटला होता, मागावरचं कामही तिथेच शिकला होता. त्या दिवसापासून तीन आठवडे त्याच्याशी कुणी कामापलीकडे बोललं नाही. आपण पडलो सज्जन माणसं!

शनिवारी जॉबर बसवराजने मालकीणबाईंना बजावलं, "वैजयंतीताई, सोमवारी काय ते ठरवा. एक तर तो, न्हायतर आमी." माग दुरुस्त करणारा हा बसवराजच कामगारांचा पुढारी. ताई नुसत्या "बघते" म्हणाल्या. जालिंदरने ते ऐकलं. हे काम गेलं तर दुसरं मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. याआधी दहा ठिकाणांहून तो परत फिरला होता.

संध्याकाळी बसवराज सगळ्यांना घेऊन बाहेर पडला. जालिंदर मागच्या बाजूला टॉवेलांच्या घड्या घालत होता. आत न बघताच बसवराजने शटर खाली ओढलं. आवाराच्या फाटकावर वॉचमन असल्यामुळे आतल्या शटरला कुणी कुलूप लावत नसे.

सोमवारी सकाळी शटर वर गेलं तर जालिंदर आत! भिंतीशी उकिडवा, हात गुडघ्यांवर.

"रविवारभर आत काय करत हुतास रं?" बसवराज ओरडला. त्याने सगळे गठ्ठे तपासले. एक टॉवेल हलला नव्हता. माठातलं पाणी तेवढं संपलं होतं.

ताई धावत आल्या. "अहो, शटरला कुलूप नव्हतं! नुसतं वर ढकलायचं होतं!"

"व्हय?" जालिंदर त्यांच्याकडे बघतच राहिला. "मी हात लावून बघितलंच न्हाय, ताई. तुरुंगात दार आपण उघडायचं नसतंय. बंद झालं की बसायचं, कुणी उघडलं की उठायचं. आठ वर्षं तेच."

"फोन तरी करायचा!"

"फोन हाय की खिशात. पर कुणाला करू?"

दोन रात्री आणि एक अख्खा दिवस हा माणूस कुठे आहे, असं कुणी विचारलं नव्हतं. त्याची आई तो तुरुंगात असतानाच गेली. कुंभारीतल्या भाड्याच्या खोलीवर त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. केवढं हे एकटेपण!

मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या म्हाताऱ्या नागूबाई पुढे आल्या. "बसवराज, शिक्षा कशाला देत्यात रं?"

"अद्दल घडावी म्हणून. दुसऱ्यास्नी धोका नको म्हणून."

"मंग ह्याला घडली का न्हाय?"

"घडली, मावशी," जालिंदरच खालमानेने म्हणाला. "अजून रोज घडतीया. माझ्या हातनं गेलेला दादा डोळ्यापुढनं हलत न्हाय."

"आनि मेलेल्याच्या घरच्यांचं काय?" बसवराज हट्टाने म्हणाला.

नागूबाई म्हणाल्या, "त्यांनी माफ न्हाय केलं तर त्यांचा हक्क हाय. आपण त्यांना एक शब्द बोलायचा न्हाय. पर तू त्या मेलेल्याचा कोण लागतोस? कोर्टानं शिक्षेला मुदत घातली हुती. तू घातलीस का? माणूस सुधारून परत यावा म्हणूनबी शिक्षा असतीया. त्यानं परत यायचं कुटं? हितंच की!"

बसवराजचा चेहरा उतरला. "शटर मीच ओढलं," तो हळू आवाजात म्हणाला. "आत कोण हाय, बघितलंबी न्हाय. लई चुकलं माझं! ताई, शनिवारचं बोलणं मागं घेतो. हा राहू दे."

ताईंनी लगेच मान हलवली. त्यांनाही आपल्या "बघते"ची लाज वाटली होती.

बसवराजने आपला डबा उघडून जालिंदरला शेजारी बसवलं. बाकीचेही भोवती येऊन बसले. शनिवार दुपारपासून उपाशी असलेला तो माणूस मान खाली घालून तीन भाकरी जेवला. जेवण झालं तरी तो बसूनच राहिला. मग त्याने बसवराजकडे बघून विचारलं, "उठू का?"

बसवराजला रडू आवरेना.

नागरिकहो, न्यायालयाने दिलेली शिक्षा ठरलेल्या दिवशी संपते. आपण देतो त्या शिक्षेला ना कायदा, ना मुदत, ना सुटका. गुन्ह्याची शिक्षा झालीच पाहिजे. पण ती भोगून आलेल्या माणसाला आपल्यात बसवून घेणं हे आपलंच काम आहे. ते तुरुंगाला करता येत नाही.