शेवटची दोन बिस्किटं

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची भट्टी आहे. मला जरा तिरकं केलंत तर कोपऱ्यातून अजून चिमूटभर राख गळेल. ती झटकू नका. माझ्या चांगल्या दिवसांपैकी तेवढंच माझ्याजवळ उरलं आहे.

माझा जन्म नगरच्या बाजारातला. भिमाजी नावाच्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने रॉकेलच्या रिकाम्या डब्यापासून मला घडवलं. पुढे दार, आत ताटली सरकवायला पट्ट्या, आणि डोक्यावर निखारे राहावेत म्हणून चारी बाजूंनी उभी कड. खाली शेगडी, वर निखारे, अशी दोन्हीकडून आच लागली की बिस्किट नीट भाजतं. ठोकताना माझी एक बाजू जरा दबली. "चालंल," भिमाजी म्हणाला, "मानूस तरी कुटं सगळ्या अंगानं सरळ आसतो?" त्या बाजूची बिस्किटं पुढे जन्मभर आधी लाल होत राहिली.

मला घरी आणलं राहाता गावच्या कृपादान गुरुजींनी. ते मिशनच्या शाळेत शिकवत आणि नाताळात चर्चच्या अंगणात कीर्तन करत. त्यांच्या पत्नी रतनबाई मुलींच्या बोर्डिंगात असताना जॅमची बिस्किटं करायला शिकल्या होत्या. कीर्तन संपलं की तीच बिस्किटं सगळ्यांना वाटायची, अशी त्या घराची रीत होती.

मित्रांनो, ते कीर्तन तुम्ही ऐकायला हवं होतं! मी ते स्वयंपाकघरात ऐकलं, कारण गुरुजी तालीम तिथेच करत. खांद्यावर उपरणं, हातात झांज. आधी नमन, मग निरूपण, आणि मग बेथलेहेमचं आख्यान. दिवस भरलेल्या मरियेला घेऊन योसेफ दारोदार फिरतो, त्या जागी गुरुजींचा आवाज एकदम खाली यायचा. "जागा आहे का हो आत? थोडी जागा?" असं ते इतकं आळवून विचारत, की माझा पत्रासुद्धा गरम असून शहारायचा.

इकडे रतनबाई परातीत लोणी आणि साखर तळहाताने फेसत बसलेल्या असत. पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसायचं, मग त्यात पीठ मळायचं, लहान गोळे करायचे आणि प्रत्येक गोळ्यात अंगठा दाबायचा. त्या खळग्यात पेरूचा जॅम. मुलगी सारा लहान होती तेव्हा तिचे चिमुकले खळगे वेगळे ओळखू यायचे. शेवटचे दोन गोळे मात्र कुणी दाबायचे नाहीत. ते गुरुजींचे. तालीम संपली की हात धुऊन ते यायचे, दोन्ही अंगठे एकदम दाबायचे आणि म्हणायचे, "खळगाच नसेल तर गोडी ठेवायची कुठं, रतन?"

"कीर्तन बाहेर करा," रतनबाई म्हणायच्या, "माझा विस्तव विझतोय."

पेरू आणि लोणी यायचं शेजारच्या रंगुबाईंच्या घरून. त्यांची पेरूची बाग होती, दारात म्हैस होती. दर नाताळाला त्या लोण्याचा गोळा घेऊन यायच्या, पण उंबऱ्यापाशी थांबायच्या. भांडं तिथेच ठेवायच्या, बिस्किटं पदरात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "लेकरांसाठी नेते." स्वतः कधी एक तोंडात टाकलं नाही. गावातल्या शिवाशिवीपायी त्या थांबतात, ते दोघींनाही माहीत होतं. दोघीही त्यावर बोलत नसत. कीर्तनालाही त्या कुंपणाबाहेर उभ्या राहायच्या आणि "जागा आहे का" आलं की डोळ्यांना पदर लावायच्या.

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात गुरुजी गेले.

सारा तोवर मुंबईला नर्स झाली होती. ती आली, राहिली, परत गेली. रतनबाईंनी गुरुजींची झांज एका फडक्यात गुंडाळली आणि माझ्या पोटात ठेवून दार लावलं. मला खाटेखाली सरकवलं. त्या नाताळात मी पेटले नाही. रस्त्याने एसटी गेली की जमीन थरथरायची आणि झांज माझ्या आत अगदी हळू वाजायची. आम्हा दोघींचं बोलणं म्हणाल तर एवढंच. घरात दुसरा आवाज नव्हता. रतनबाई एकट्याच जेवायच्या, एकच ताट घासायच्या.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. पाट कोरडा, विहिरी तळाला गेलेल्या. रंगुबाईंची पेरूची झाडं उभ्या उभ्या वाळली. बागेची मालकीण खडी फोडायला जाऊ लागली. रेशनवर मिलोची लाल ज्वारी मिळायची. अशात बिस्किटांचं नाव कोण काढणार? मला वाटलं, आपलं आयुष्य खाटेखालीच संपलं.

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी उंबऱ्यातून हाक आली. "मास्तरीनबाई, हायेत का घरात?"

"या, रंगुबाई."

"ह्ये घ्या. म्हैस आटत आलीय. रोजची साय साठवून वाटीभर लोणी झालं."

"आणि लेकरं कोरडी भाकर खातात ना? न्या परत. मी यंदाही करणार नाही."

"का?"

"कुणासाठी करू?"

रंगुबाईंनी वाटी उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "आमची लेकरं इचारत्यात. मी काय सांगू? मास्तरांसंगं मास्तरीनबाईबी गेल्या म्हनू?"

असं कुणी बोलतं का? पण ते बरोबर लागलं. रतनबाई उठल्या. मला खाटेखालून ओढलं, झांज काढून खिडकीत ठेवली, ओल्या राखेने माझा गंज घासला. गुरुजींनी आपल्या हातांनी उतरवलेल्या पेरूंच्या जॅमची एकच बरणी उरली होती, ती उघडली. गव्हाचं पीठ पुरेना, म्हणून त्यात मिलोचं लाल पीठ घातलं. गोळ्यांच्या कडा भेगाळत होत्या. रतनबाई एकेक गोळा दाबत गेल्या, जॅम भरत गेल्या, आणि शेवटी हात पुसून दाराकडे बघत बसल्या.

ताटलीत दोन गोळे तसेच होते.

"ते दोन का ठेवलं?" रंगुबाईंनी उंबऱ्यातून विचारलं.

"ते ह्यांचे," रतनबाई म्हणाल्या. आणि आपण काय बोललो ते ध्यानात आलं तसा त्यांचा हात परातीवरच राहिला. हातांना सवय होती, मित्रांनो. हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

डोक्यावरचे निखारे पांढरे पडत चालले होते. मी वाट बघत होते.

रंगुबाईंनी दाराबाहेरच्या रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले. "मास्तरीनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "जागा हाय का वं आत?"

रतनबाईंनी वर पाहिलं. "आहे. या."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा रंगुबाईंचा पाय उंबऱ्याच्या आत पडला. त्या माझ्यासमोर बसल्या. खडी फोडून त्यांच्या अंगठ्याला चिरा पडल्या होत्या, नख काळं झालं होतं. एका गोळ्यात त्यांनी तो अंगठा दाबला. दुसऱ्याला हात लावला नाही. "त्यो त्यांचाच ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या.

मी माझ्यापरीने जिवापाड भाजलं. दबलेल्या बाजूचीसुद्धा करपू दिली नाहीत. रंगुबाईंनी आपलं बिस्किट तिथेच बसून खाल्लं. "लई ग्वाड," एवढंच म्हणाल्या. चर्चच्या अंगणात त्या वर्षीही कीर्तन झालं नाही. लेकरं बिस्किटं घेऊन गेली आणि घर पुन्हा शांत झालं. संध्याकाळी रतनबाईंनी ते बिनखळग्याचं बिस्किट झांजेशेजारी बसून एकटीने, सावकाश खाल्लं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. सारा आईला न्यायला आली. झांज ट्रंकेत गेली. मला पाहून सारा म्हणाली, "आई, तिथं गॅस आहे. एका खोलीत हिला कुठं जागा?" पोरीचं काही चुकलं नाही. रतनबाईंनी माझ्या दारावरून एकदा हात फिरवला आणि मला रंगुबाईंच्या ओसरीवर ठेवलं.

तेव्हापासून मी इथे आहे. रंगुबाईंना बिस्किटं येत नाहीत. माझ्या पोटात काही नाही, झांजही नाही. पण नाताळाच्या आदल्या दिवशी त्या चुलीतले चार निखारे माझ्या डोक्यावर ठेवतात. सून हसते, "आत्याबाई, आत काय बी न्हाई!"

"नसू दे," त्या म्हणतात. "गार पडलं की गंजतंय."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं काही जुनं असेल तर वर्षातून एकदा तरी त्याला ऊब द्या. आणि शेजारी कुणी एकटं एकच ताट घासत असेल, तर उंबऱ्यापाशी थांबू नका. हात धुवा आणि विचारा, आत जागा आहे का. असते हो. बहुतेक वेळा ती कुणाची तरी वाट बघत रिकामीच असते.