सारजाबाईचे पाच पेंग्विन

“सारजाबाई, साहेब यायच्या आत ही भिंत पांढरी झाली पाहिजे.”

“निम्मी हायच की पांढरी,” सारजाबाई म्हणाली आणि उकिडवी बसून पेंग्विनच्या पायांना गेरू लावत राहिली.

हेडमास्तर नारायणराव कपाळाला हात लावून माझ्याकडे वळले. “वनमालाबाई, हे तुमचं पाप.”

पाप कसलं डोंबलाचं. साल एकसष्ट, येरमाळ्याची शाळा, आणि तिसरीच्या पुस्तकात पेंग्विनवर दीड ओळ: बर्फात राहतो, उडत नाही. मला राहवेना. कळंबहून पक्ष्यांचं पुस्तक मिळवून मी पोरांना चित्रांसकट वाचून दाखवलं. मन लावून ऐकलं मात्र दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या सारजाबाईनं. शिपाई दगडोबाची ही विधवा नऊ वर्षं शाळा झाडत होती, तीही हंगामी म्हणून. अक्षर एक येत नव्हतं, पण नागपंचमीला गावातल्या भिंतींवर चित्रं काढायला तिलाच बोलावणं यायचं. शाळेत रंग दोनच, चुना आणि कोळसा; चिमूटभर गेरू आणि नीळ तिनं घरून आणली. “ह्या पाखरांना अजून लागतंय काय?” म्हणाली, आणि सुट्टीच्या दिवशी व्हरांड्याच्या भिंतीवर पाच पेंग्विन उभे केले, खऱ्या मापाचे.

आणि आज तिला कायम करायच्या कागदावर सही करायला तपासणीचे साहेब यायचे होते.

धाराशिवहून जीप आली. साहेब व्हरांड्यातच थांबले. “एकच पक्षी पाचदा कशाला काढलाय?”

“चुकून, साहेब,” नारायणराव म्हणाले.

“चुकून कशाला? पाच जातीचे हायत,” सारजाबाई पदर खोचून पुढं आली. “ह्यो थोरला, पयलीतल्या पोराएवढा, मणभर वजनाचा. बायकोनं अंडं घातलं की बाप ते पायावर घेऊन दोन म्हैने उपाशी उभा ऱ्हातो. ह्यो दुसरा खडे येचून घर बांधतो, आपण येडाईच्या यात्रेत देवळाच्या चुन्यासाठी चुनखडी येचतो तसा. पर शेजाऱ्याचे खडे चोरतो, मेला. तिसऱ्याच्या हनवटीखाली पट्टा, फौजदाराच्या टोपीला असतो तसा. चौथा वाळूत ऱ्हातो, उन्हात. अन् ह्यो धाकला घागरीएवढा. अंगानं निळसर, म्हून नीळ घातली.”

साहेब हसले. “वाळूत पेंग्विन? पुस्तकात बर्फ लिहिलंय.”

“पुस्तकात येकच लिव्हलाय.”

“सगळे काळे-पांढरे. मला तर सारखेच दिसतात.”

“जीपमधनं आमी बी सारखेच दिसत असू, सायेब. यात्रेत येवढी मान्सं असतात, लेकराला आपली आई वळखू येत न्हाय व्हय?”

नारायणरावांनी डोळे मिटले. साहेबांचं हसू गेलं. त्यांनी कागद काढून टेबलावर ठेवला, पेन उघडलं. “आधी ही भिंत पुसून घे, बाई. मग सही.”

पुस्तक माझ्या पिशवीतच होतं. काढून समोर धरायला हवं होतं. पण मीसुद्धा अजून कायम झाले नव्हते, म्हणून फरशीकडं बघत राहिले. शिकलेली मी, आणि तोंड उघडलं तिनं. आजही आठवलं की माझी मला लाज वाटते.

सारजाबाईनं चुन्याचा डबा उचलला. नारायणरावांनी सुस्कारा सोडला. ती दुसऱ्या पेंग्विनसमोर बसली, कुंच्याचं टोक तेवढं बुडवलं आणि त्याच्या डोळ्याभोवती एक बारीक पांढरं कडं काढलं.

“ह्याचं तेवढं ऱ्हायलं होतं,” ती म्हणाली. “ह्या कड्यावरनंच तर ह्यो वळखू येतो.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

सारजाबाई शेवटपर्यंत हंगामीच राहिली. शाळेला चुना मारायचं काम तिचंच होतं, आणि नारायणरावांनी त्या भिंतीचा विषय पुन्हा काढला नाही. दर दसऱ्याला ती सगळी शाळा पांढरी करायची आणि पाचही पेंग्विनच्या कडेकडेनं कुंचा फिरवायची. वर्षागणिक थर चढत गेले, भिंत पुढं आली आणि ते पाचजण नखभर आत उभे राहिले. दुसऱ्याच्या डोळ्याचं कडं तेवढं ती नव्यानं काढायची.