एक्क्याण्णव दात

आमच्या कारखान्यात दातेरी चाके बनतात, आणि कोणत्या चाकाला किती दात असावेत हे सासऱ्यांच्या पश्चात मीच ठरवीत आले. घराण्याचा नियम असा, की एकमेकांत फिरणाऱ्या दोन चाकांच्या दातांना एकाच आकड्याने भाग जाता कामा नये. गेला, तर ठरावीक दात ठरावीक दातांनाच पुन्हा पुन्हा भेटतात आणि एकाची खोड दुसऱ्याला लागते. नाही गेला, तर प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो आणि झीज सर्वांत वाटली जाते.

पाणीपुरवठा खात्याला पंपासाठी नव्वदच्या आसपास दातांचे मोठे चाक हवे होते. त्याच्या जोडीचे लहान चाक तेरा दातांचे. मी मनात पाढे म्हटले. एक्क्याण्णव कुठेच आला नाही. मला शाळेतून काढले तेव्हा दहाचा पाढा नुकताच संपला होता. ही गोष्ट मी घरात कोणाला कळू दिली नव्हती, आणि चाळीस वर्षांत पुढच्या पाढ्यांवाचून काही अडलेही नव्हते.

मी एक्क्याण्णव सांगितले. सून शेजारीच उभी होती. याला तेराने भाग जातो, असे ती हळूच म्हणाली.

"सूनबाई, हिशेब एवढा पक्का असेल तर भाजीत मीठ का जास्त पडते?" मी विचारले. सगळे हसले. तीही हसली.

आठ महिन्यांनी चाक जोडीच्या लहान चाकासकट परत आले. मोठ्याचे मोजके दात पार झिजलेले, बाकीचे जवळजवळ कोरे. खात्याच्या साहेबांनी ते कापणाऱ्या माझ्या मुलाच्या हाताला दोष दिला आणि त्याने तो मान खाली घालून घेतला. बारा वर्षे तो चाके कापतो आहे. त्याने यंत्र पुसले, त्यावर फडके घातले, आणि आपला हात काही या कामाचा नाही, दुसरीकडे नोकरी पाहतो, असे मला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या चाकापाशी बसले आणि बोटाने दात मोजले. झिजलेल्या दातापासून तेरावा दात झिजलेला. पुढचा तेरावाही झिजलेला. सातव्या खेपेस बोट निघाल्या जागी परतले. लहान चाकाचा एक दात वापरात ठेचला गेला होता आणि तो आठ महिने याच सात दातांना भेटत राहिला होता. तेरा साते एक्क्याण्णव. मुलाचा हात स्वच्छ होता. आकडा चुकला होता, आणि आकडा माझा होता.

सुनेने चाक पाहताक्षणीच हे ओळखले असणार. तरीही माझी अब्रू राखण्यासाठी ती नवऱ्यापाशीदेखील बोलली नव्हती.

मी दोघांना आणि कारागिरांना समोर बोलावले.

"चाक याने बिनचूक कापले. आकडा मी चुकीचा दिला. हिने सांगितले होते, मी तिला हसण्यावारी नेले. मला दहाच्या पुढचे पाढे येत नाहीत. साहेबांकडे मी स्वतः जाऊन हेच सांगणार आहे."

"आई, असू दे ना," मुलगा म्हणाला.

"असू कसे दे? चूक माझी आणि घर सोडून नोकरी तू धरणार?"

कोणी हसले नाही. मग मुलाने यंत्रावरचे फडके काढले आणि किती दात घ्यायचे, असे बायकोला विचारले. तिने सवयीने माझ्याकडे पाहिले. मी ओठ मिटून घेतले. इतके जड काम मी आयुष्यात फारसे केलेले नाही.

"ब्याण्णव," ती म्हणाली.